माझी कविता मीच वाचणार

"ताई, उद्घाटनाची कविता मी वाचतो. तुम्ही फक्त बसा," निवेदक हळूच म्हणाला.

कवयित्री इंदुमती धुरींनी नकारार्थी मान हलवली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती. तेव्हापासून त्या रोज आरशासमोर बसून एकेक अक्षर पुन्हा शिकत होत्या. आज मालवणात त्यांच्याच नावाचं साहित्य कला केंद्र उघडत होतं.

त्या माइकसमोर उभ्या राहिल्या. दोन ओळी अडखळत आल्या. तिसरीतला 'वल्हं' हा शब्द काही केल्या जिभेवर येईना. कविता पाठ असलेल्या कुणीतरी न राहवून तो मागून सांगितला.

धुरींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"व... वल्हं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या थांबल्या नाहीत. अजून नऊ ओळी वाचायच्या होत्या.