डचेसचा रवंथ

"शुक्रवारच्या ट्रकमध्ये डचेस जाणार," जोसलीन म्हणाली. "दिवसातून धड पाच तास रवंथ करत नाही. काहीतरी आजार मुरतोय तिच्यात. तिच्या गळ्यातला पट्टाच सांगतोय."

"पट्ट्याला काय कळतंय?" नायरीने स्कोनवर लोण्याचा थर दिला. "नऊ वेळा व्याली, एकदा तरी नखरा केला? सावकाश खाते बिचारी. सगळ्यांनी तुझ्या नवऱ्यासारखं बकाबका खायचं की काय?"

"आई!"

तारानाकीच्या डोंगराखाली या मायलेकींच्या तीनशे गाई. प्रत्येकीच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला काळी डबी, डबीवर हिरवा दिवा. गाय किती चालली, जबडा किती हलला, सगळं जोसलीनच्या फोनवर. त्या डबीमुळे यंदा चार गाईंना कास सुजायच्या आधीच औषध मिळालं होतं. तेव्हापासून डबी बोलेल ते खरं. आणि मे महिन्यात, म्हणजे इकडच्या हिवाळ्याच्या तोंडावर, गाई आटवल्या, की आजारी, थकलेल्या कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढायच्या, ही इथली रीतच.

"पंधरा दिवस दे," नायरी म्हणाली. "रोज आठ तास रवंथ दिसला नाही, तर मी स्वतः तिला ट्रकमध्ये चढवीन."

"दिले. पण मग तोंड बंद ठेवायचं हं."

"बघू कुणाचं बंद होतं ते." नायरीने पेपरमिंट तोंडात टाकलं.

थंडी वाढली. नायरीने जाडजूड मफलर गुंडाळला आणि पहाटेपासून कामाला लागली. गोठ्यात गड्यांना झापायचं, जेवताना जावयाला, दुपारी फोनवर धाकट्या बहिणीला. जोसलीन बिचारी फोनमधले आकडे बघत बसायची.

सात तास. नऊ तास. अकरा!

"कळपात पहिली आली तुझी म्हातारी!" जोसलीन नाचायचीच बाकी होती. "नव्या चाऱ्याचा गुण."

"चाऱ्याचा म्हणे! जात्याच गुणाची आहे ती," नायरी म्हणाली.

पंधराव्या दिवशी सकाळी फोन कोकलू लागला. डचेसचा रवंथ शून्य. चालणं बंद.

जोसलीनने गुरांच्या डॉक्टरला बोलावलं आणि चिखलातून धावत सुटली. आईला उठवलं नाही. कालपासून तिचा घसा पार बसला होता. घर कसं शांत झालं होतं.

डचेस कुंपणाशी बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, जबडा संथ हलतोय. डॉक्टरने ताप पाहिला, पोट दाबलं, कास चाचपली.

"या बाईंना काही झालेलं नाही. माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. ट्रकच्या यादीतून नाव काढ." मग तो वाकला. "पण ही डबी कसली?"

त्याने डबीवरची काळी चिकटपट्टी सोलली. आत पेपरमिंटची रिकामी डबी.

जोसलीन घरी आली. आई भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडली होती. जोसलीनने मफलर हळूच खाली ओढला.

आत हिरवा दिवा लुकलुकत होता.