वाढवला तर?

त्र्यंबकरावांनी चार महिने खपून किटमधून जोडलेलं वेगवान विमान माळावर तयार होतं. पण रिमोट धरलेला त्यांचा हात आज फारच थरथरत होता.

"तू उडव," ते बायकोला म्हणाले.

जोडणी चालू असताना शेकडो प्रश्न विचारणाऱ्या कुमुदताईंनी लगेच रिमोट घेतला. विमान सुसाट वर निघालं.

"अगं, वेग कमी कर!"

"आणि वाढवला तर काय होईल?"

त्र्यंबकराव वर विमानाकडे बघू लागले. नोकरीत तीस वर्षं त्यांनी खरी विमानं दुरुस्त केली होती, उडवलं मात्र एकही नव्हतं.

"मलाही बघायचंय," ते हळूच म्हणाले. "वाढव!"

विमान गर्रकन वळून त्यांच्या डोक्यांवरून इतक्या खालून सपकन गेलं, की दोघंही मटकन जमिनीवर बसली आणि हसत सुटली.