कूलरखालचा बुक्का

कीर्तनाचे व्हिडिओ लवकर तयार व्हावेत म्हणून वैजनाथनं ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा वेग वाढवला अन् कार्ड तापून कायमचं बंद पडलं. तो ते घेऊन दुकानात गेला, तर औंढ्याचा दुकानदार रविंद्र म्हणाला, “तू कार्ड थंड ठेवणारा कूलर खोलून बदलला, महाराज. आता वारंटी न्हाई.”

“माळकऱ्याला खोटं पाडतो व्हय रे? कंपनीचं सील बघ!” एरवी मऊ बोलणारा वैजनाथ कडाडला.

सील शाबूत होतं. रविंद्रनं चिडून स्वतःच ते फोडलं आणि कूलर उचलला. खाली चिपवर बुक्क्याचा ताजा टिळा होता.

“मंग ह्यो काय कंपनीनं लावला?”

संतापून वैजनाथनं टिळ्यावर अंगठा घासला. बंद कार्डाची ती चिप उबदार लागली. मग अंगठ्याखाली तिला हळूच आठी पडली, रागावलेल्या कपाळाला पडते तशी.