पिवळा सूट

तीस वर्षं तो पर्यटकांना घेऊन समुद्रात डायव्हिंग करायचा. खोल पाण्यात प्रवाळाने मढलेला एक सुळका होता. त्याच्या कपारीतला थोराड गोब्रा मासा म्हणे ह्याचा पिवळा सूट दिसला की धावत भेटायला यायचा. बायको हसायची, "माझी सवतच म्हणा की!"

एका सकाळी चहा पिता पिता त्याचं हृदय थांबलं. दोन महिन्यांत ती डायव्हिंग शिकली, बाह्या दुमडून त्याचाच पिवळा सूट घातला आणि त्याच्या डायव्हिंगच्या जोडीदाराबरोबर त्या सुळक्यापाशी उतरली.

गोब्रा सुसाट बाहेर आला. तिच्याभोवती त्याने दोन घिरट्या घातल्या, मास्कच्या काचेजवळ येऊन आत पाहिलं, क्षणभर थबकला आणि सावकाश कपारीत परत गेला.

बोटीवर चढताच ती, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, ओक्साबोक्शी रडली. जोडीदार गांगरला. "वहिनी, घाबरलात का?"

"नाही हो भाऊजी. दोन महिने भेटेल त्याला मीच सांगतेय, हे गेले म्हणून," ती म्हणाली.

तिने खाली पाण्याकडे पाहिलं. "आज मला कोणीतरी सांगितलं."