आयमकानची गाय

नारीनच्या डोंगरातल्या त्या गावात गुरांची डॉक्टर झिल्दिज हळव्या मनाची म्हणून सगळ्यांची लाडकी होती. विधवा आयमकानच्या गाईचं रक्त तपासलं, तर दुधातून माणसांना लागणारा रोग निघाला. नियमाप्रमाणे गाय त्याच दिवशी कत्तलीला पाठवायची होती. "पोरी, हिच्याशिवाय माझं आहे कोण गं?" म्हणत म्हातारी गाईच्या गळ्यात पडली. झिल्दिजला ते बघवेना.

"मावशी, तपासणीच चुकली. गाय ठणठणीत आहे," ती म्हणाली आणि कागदावरही तसंच लिहून दिलं.

वसंतात दवाखान्यातली नर्स सहज बोलून गेली, "महिन्याभरात तिसऱ्या बाईचं पोट पडलं. कारण काही कळेना." झिल्दिज हातातलं काम टाकून आयमकानच्या घराकडे धावत सुटली.

म्हातारी दुधाची किटली घेऊन बाहेरच पडत होती.

"मावशी, हे दूध तू कुणाकुणाला दिलंस?" झिल्दिजने धापा टाकत विचारलं.

"तू माझ्यावर दया केलीस, तेव्हाच ठरवलं बघ," आयमकान हसून म्हणाली. "गावातल्या प्रत्येक पोटुशीला रोज वाटीभर धारोष्ण दूध द्यायचं. त्या बिचाऱ्या दिसल्या की माझा जीव तुटतो गं."