वर्षभराची बरणी

पाच वाजता पाहुणे यायचे होते आणि सरबताला लिंबंच नव्हती. सकाळपासून हे तिसरं विसरणं. आधी दूध, मग साखर, आता लिंबं. तिने तीही मोबाइलवरून मागवली आणि खिडकी ते दार अशा येरझाऱ्या सुरू केल्या.

टेबलावर काचेची बरणी घासूनपुसून ठेवली होती. आत तिघांच्या घराचा वर्षभराचा कचरा, अवघा मूठभर. आज त्या बरणीचे फोटो निघणार होते, पेपरात छापून येणार होते.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," सासूबाई पंख्याखालून म्हणाल्या.

"आई, आज नको ना!"

बेल वाजली. नेहमीचाच डिलिव्हरीवाला, केस पिकलेला, धापा टाकत उभा. या घरची रीत त्याला पाठ होती. सामान दाराबाहेरच उघडायचं, वस्तू आत, पॅकिंग त्याच्या हातात परत. प्लास्टिक उंबरा ओलांडणार नाही म्हणजे नाही. तिने भराभर उघडलं. लिंबं चार, त्यांना डबा, डब्याला पिशवी, पिशवीला वर आणखी एक पिशवी.

आज त्याने हात पुढे केला नाही.

"ताई, आजचं तेवढं तुम्हीच ठेवा."

"का हो काका? दुकानात परत देता ना तुम्ही?"

"दुकान कुठलं घेतंय! घरी नेतो. रस्त्यात टाकवत नाही. पण आमच्याकडची कचरा उचलणारी बाई रोज डोकं खाते. म्हणते, दोन माणसांच्या घरात एवढा कचरा निघतोच कसा?"

तो हसत सांगत होता. तिला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळचं दूध त्यानेच आणलं होतं. साखरही.

खाली गाडीचं दार वाजलं. पाहुणे! आजचा दिवस न्या, उद्यापासून मी ठेवीन, असं अगदी ओठांवर आलं.

"काका, आज तेवढं..." ती म्हणाली. डबा आणि पिशव्या तिच्या हातात चुरचुरत राहिल्या.

लिफ्ट वर यायला निघाली. सासूबाई उठल्या, टेबलावरची बरणी घेऊन दारात आल्या. झाकण काढून त्यांनी ती सुनेसमोर धरली.

"घाल यात. बघू किती मावतंय."