यंदाची मदत

"पुण्याला पोचवायला कोण येईल?" आनंदीबाईंनी विचारलं.

सहदेव गोंधळला. आपल्यासारख्या एवढ्या घोड्याला पोचवायला कुणी कशाला लागतं?

"सोबत कशाला, बाई? गाडीत बसलं की पुणं."

आनंदीबाईंनी मान डोलावली. शिळफाट्याजवळच्या या भातगिरणीच्या मालकीणबाई, नवऱ्यामागे दरसाल एकाला कॉलेजचा खर्च द्यायच्या. एकालाच. अर्ज गुरुजींनी धाडला होता. "बाईंनी बोलावलंय, सहदेव. जयवंतालाही संगं ने," एवढाच त्यांचा निरोप होता.

जयवंता कशाला, ते त्याला उमगलं नव्हतं. घरचं कुणी लागत असेल, म्हणून आणली. दोन वर्षांमागं कपाळ पुसून कळंबला माहेरी आलेली धाकटी बहीण. त्याच्या पुस्तकांत डोकं खुपसून बसायची, हौसेनं त्याच्याबरोबर मॅट्रिकलाही बसली होती. आत्ता बाहेर ओटीवर भाकरीचं फडकं धरून बसली होती.

"घरचं काम अडेल," बाई म्हणाल्या. "लावणी आहे, झोडणी आहे."

"नाय अडायचं. दुसरं मानूस हाय ना घरात." जयवंता शेताला वाघीण होती.

"आणि लोक बोलतील."

कॉलेजात जाण्यात लोकांनी बोलण्यासारखं काय? बाईंनी गणित विचारावं, इंग्रजी विचारावं, तर हे भलतंच. उत्तर चुकलं तर वर्ष गेलं.

"बोलू दे. लोक काय, दोन दिस बोलतील."

"मधेच कुणी लग्नाचं काढलं तर?"

"शिक्शन पुरं झाल्याबिगर लग्नाचं नाव नाय काढायचं."

"आई अडून बसली तर?"

"आयेला मी समजावतो."

"सगळे असंच म्हणतात रे. दिवाळीला घरी आलं की परत पाठवत नाहीत."

आता मात्र सहदेव ताठ झाला. एवढा अविश्वास! वर्षभर चिमणीच्या उजेडात डोळे फोडले, ते काय यासाठी?

"बाई, माजा शबूद हाय. या शिक्शनाच्या आड घरातलं कोन आलं, तर मी उभा हाय. पायजे तर देवावर हात ठेवतो."

त्यानं खरंच कोनाड्यातल्या गणपतीवर हात ठेवला.

आनंदीबाईंचे डोळे भरून आले.

"असा भाऊ मिळायला नशीब लागतं," त्या म्हणाल्या. "जा, जयवंताला आत बोलव. यंदाची मदत तिलाच."